गणिताच्या अध्यापकाचा अभ्यासक्रम

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात एक सभा झाली. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता कला शाखेच्या विद्यार्थ्याला आपल्या मुख्य विषयाखेरीज काही सर्वसाधारण विषयही घ्यावे लागतात. ते कोणते असावेत, त्यांत काय शिकवावे आणि किती तास शिकवावे, हे आधी अभ्यासमंडळात ठरते आणि मग विद्यापरिषदेपुढे मंजुरीसाठी जाते. या कामी विद्यार्थ्यांचेही म्हणणे ऐकावे म्हणून द्वितीय वर्षाची प्रतिनिधी या नात्याने मला बोलावणे आले होते. सभेपूर्वी जे कागद हाती आले त्यांत एका विषयाचे नाव होते कुटुंब आणि गृहव्यवस्थापन. त्याच्यापुढे लहान अक्षरांत छापले होते, केवळ विद्यार्थिनींसाठी.

ते दोन शब्द वाचून माझा संताप झाला. मुलांनी संगणक आणि अर्थव्यवहार शिकायचा आणि मुलींनी घर सांभाळायला शिकायचे, हे आजच्या काळात कोण मान्य करील? हा विषय मंजूरच होऊ द्यायचा नाही, असे ठरवून मी कडक शब्दांत एक टिपण तयार केले आणि इतिहासाच्या बाईंना दाखवायला नेले. बाईंनी ते शांतपणे वाचले. मग त्या म्हणाल्या की विरोध जरूर कर, पण त्याआधी धोंडो केशव कर्व्यांचे चरित्र एकदा नीट वाच. हा वाद शंभर वर्षांचा आहे, आणि ज्याने तो ओढवून घेतला तो माणूस बायकांचा शत्रू नव्हता. मी ग्रंथालयात गेले. महर्षी कर्वे हे नाव आपण सारे शाळेपासून ऐकतो. परंतु त्यांनी एक अभ्यासक्रम तयार केला आणि त्यासाठी जन्मभर शब्द ऐकून घेतले, हे मला ठाऊक नव्हते. जे वाचले ते माझ्या समजुतीप्रमाणे पुढे मांडते.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे, आजोळी झाला. त्यांचे गाव दापोली तालुक्यातले मुरुड. घरची स्थिती बेताची. गावात सोमण गुरुजींच्या हाताखाली मराठी शिक्षण झाले. त्या काळी सहाव्या इयत्तेची सार्वजनिक परीक्षा गावात होत नसे. १८७५ साली ती परीक्षा देण्यासाठी कर्वे आणि त्यांचे सोबती पाठीवर सामान बांधून कुंभार्ली घाटाने साताऱ्यास पायी गेले. शंभर मैलांहून अधिक वाट त्यांनी चार दिवसांत तुडवली. साताऱ्यास पोचल्यावर परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे सांगून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. वयाने ते भरत होते. चण लहान होती, एवढाच दोष. पुढे कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली.

या प्रसंगाशी मी बराच वेळ थांबले. दारापर्यंत पोचलेल्या माणसाला क्षुल्लक कारणाने परत पाठवणे म्हणजे काय, हे या मुलाला फार लवकर कळले. पुढे स्वतः परीक्षा घेण्याची वेळ आली तेव्हा दार कोणासाठी किती उघडे ठेवायचे याचा विचार त्यांनी केला, त्याचे मूळ इथे असावे, असे मला वाटते.

इंग्रजी शिक्षण त्यांना उशिरा मिळाले. मुंबईस येऊन १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. आधी विल्सन आणि मग एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८८४ साली गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. त्यानंतर मुंबईच्या शाळांतून, त्यांत मुलींच्या शाळाही होत्या, आणि पहाटेपासून शिकवण्या करून त्यांनी संसार चालविला. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले आणि १९१४ पर्यंत तेथेच राहिले. त्याच १८९१ साली त्यांची पत्नी राधाबाई वारली.

विधुराने पुन्हा लग्न करायचे तर लहान कुमारिकेशी, हा तेव्हाचा रिवाज. कर्व्यांनी तो मोडला. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई, सर्वांच्या बाया. मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी त्यांनी पैपैने फंड जमविला होता त्याच गावात त्यांना आईच्या घरी मोकळेपणाने राहणे अशक्य झाले.

या अनुभवानंतर कर्व्यांनी कोणावर चिडून लिहिले नाही, की भांडण मांडले नाही. विधवांचे विवाह लावून देणे हे काम खरे, पण ते थोड्यांच्याच उपयोगी पडते, असे त्यांच्या ध्यानात आले. ज्या पुनर्विवाह करणार नाहीत त्यांनी काय करायचे? त्यांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे करायचे, असे ठरवून १८९६ साली त्यांनी अनाथबालिकाश्रम काढला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. तिथे तेव्हा माळरान होते. आरंभी एक झोपडी उभी राहिली. कॉलेजातले तास आटोपून कर्वे रोज पायी हिंगण्यास जात आणि मुलींना शिकवत. आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. घर कसे चालायचे, ही काळजी बायांच्या वाट्याला आली, आणि त्यांनी आपल्या आत्मचरित्रात ती लपवून ठेवलेली नाही. थोर पुरुषांच्या चरित्रांत ही बाजू बहुधा गळते, म्हणून ती इथे नोंदवते. १९०७ साली सर्व मुलींसाठी महिला विद्यालय निघाले. १९०८ साली निष्काम कर्म मठ स्थापन झाला.

हिंगण्यास शिकवता शिकवता कर्व्यांना जी अडचण दिसली, तीच पुढच्या सगळ्या गोष्टींचे कारण ठरली. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठाची. तिचा अभ्यासक्रम इंग्रजीतून. विशीतली विधवा मुळाक्षरांपासून सुरुवात करी. तिच्या डोक्यावर आधी परकी भाषा, मग त्या भाषेतून इतिहास, त्या भाषेतून गणित. शिकण्यासाठी तिच्यापाशी फार तर सहा-सात वर्षे असत. त्यांतली निम्मी भाषेशी झगडण्यातच जात. शेवटी परीक्षेत ती एखाद्या विषयात राहिली, की सारे शिक्षण वाया गेले असा शिक्का बसे.

इथे मला माझ्या आईची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आई दहावीला गणित आणि इंग्रजी या दोन विषयांत नापास झाली आणि तिचे शिक्षण तिथेच संपले. मराठीत तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. आजही ती वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. तिला पुढे शिकता आले असते की नाही, हे तिच्या बुद्धीवर ठरले नाही. कोणते विषय आवश्यक आणि कोणते ऐच्छिक, हे ज्या कोणी ठरविले त्यांच्या सभेत ते ठरून गेले होते.

१९१५ साली कर्व्यांकडे जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली होती. बनारसच्या शिवप्रसाद गुप्त यांनी ती पाठविली होती. कर्व्यांनी ती चाळून बाजूला ठेवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणात काय मांडावे याचा विचार करताना ती पुस्तिका त्यांना आठवली. तोक्योमध्ये नारुसे नावाच्या शिक्षकाने १९०१ साली मुलींसाठी स्वतंत्र विद्यापीठ उभारले होते. मग आपल्याकडे का होऊ नये? कर्व्यांनी भाषणात ती कल्पना मांडली आणि ती नुसती मांडून ठेवली नाही. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते झोळी घेऊन निघाले. १९१६ साली पुण्यास भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले आणि रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू. हिंगण्याच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या अवघ्या चार-पाच. सरकारची सनद नाही, तिजोरीत पैसा नाही आणि मुली तर बोटांवर मोजण्याइतक्या. तरी त्याला विद्यापीठ म्हणायचे धाडस या अबोल गृहस्थाने केले.

आता माझ्या विषयाकडे येते. या विद्यापीठाच्या सभासदांपुढे पहिले काम होते ते अभ्यासक्रम मंजूर करण्याचे. त्याची मुख्य सूत्रे अशी ठरली. शिक्षणाचे माध्यम मुलीची मातृभाषा. इंग्रजी आवश्यक, पण एक विषय म्हणून. गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र आवश्यक. गणित ऐच्छिक. पदवीला नावेही संस्कृत दिली: पहिल्या पदवीला गृहीतागमा आणि त्यापुढच्या पदवीला प्रदेयागमा. ज्याने पंचवीस-तीस वर्षे गणित शिकवून पोट भरले त्यानेच आपल्या विद्यापीठात गणित सक्तीचे ठेवले नाही, ही गोष्ट मला सर्वांत विशेष वाटली. आपापल्या विषयाचे तास कमी होऊ लागले की अभ्यासमंडळात काय होते, हे त्या एका सभेत बसून मीही थोडेफार पाहिले आहे.

या अभ्यासक्रमावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. इंग्रजी उच्च शिक्षणाचे अभिमानी म्हणाले की मातृभाषेत पुस्तके नाहीत, आणि मानसशास्त्रासारखा विषय मराठीतून शिकवणार तरी कसा? उलट महात्मा गांधींना इंग्रजी आवश्यक ठेवणे पसंत नव्हते. ते ऐच्छिक असावे असे त्यांचे मत होते. कर्व्यांनी आपला आग्रह सोडला नाही. मतभेद कायम ठेवूनही गांधींनी या विद्यापीठाला दरसाल दहा रुपये वर्गणी देण्याचे मान्य केले. तिसरा आक्षेप माझाच होता असे म्हणायला हरकत नाही. बायकांसाठी निराळा अभ्यासक्रम म्हणजे हलका अभ्यासक्रम. घरकाम शिकवून तुम्ही तिला पुन्हा घरातच पाठवणार!

यावर कर्व्यांची भूमिका काय होती? मला समजली ती अशी. ज्या मुलींना चालू विद्यापीठात जाऊन पुरुषांच्या बरोबरीने परीक्षा देता येतील त्यांनी त्या जरूर द्याव्यात. त्यांची वाट त्यांनी कधी अडवली नाही. परंतु अशा मुली थोड्या. बाकीच्या बहुसंख्य मुलींनी काहीच न शिकता राहायचे काय? बहुतेकींना आयुष्यात संसार करावा लागणार हे त्या काळी उघड होते. तो डोळसपणे करता यावा, मूल का आजारी पडते आणि का मरते हे तिला समजावे, आणि तेवढ्यावरच न थांबता इतिहास-वाङ्मयाचे उच्च शिक्षणही तिला तिच्या भाषेत मिळावे, असा तो हिशेब होता. परिपूर्ण अभ्यासक्रमाची वाट पाहत बसण्यापेक्षा आज चार मुलींना जमेल तो अभ्यासक्रम आज सुरू करावा, ही त्यांची रीत होती. साताऱ्याच्या वाटेवर ते असेच चालले असतील.

पैशाची विवंचना काही वर्षे होतीच. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. त्यांनी स्वतः जपानचे महिला विद्यापीठ पाहिले होते. साडेतीन टक्क्यांनी त्याचे वर्षाचे व्याज साडेबावन्न हजार रुपये होई. तेव्हापासून विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे परदेशप्रवासास निघाले. युरोप, अमेरिका करून ते जपानला गेले आणि जी शाळा पुस्तिकेत वाचली होती ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर आफ्रिकेतही हिंदी लोकांत फिरून त्यांनी वर्गणी जमविली. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. मात्र सरकारी मान्यता नव्हती ती नव्हतीच. गृहीतागमा झालेल्या मुलीला तिच्या पदवीचा अर्थ प्रत्येक ठिकाणी समजावून सांगावा लागे. १९४९ साली कायदा झाला आणि १९५१ साली या विद्यापीठाला कायदेशीर दर्जा मिळाला. पस्तीस वर्षे मान्यतेवाचून ते चालले.

या चरित्रात मला एक गोष्ट खटकली, तीही सांगितली पाहिजे. स्त्रियांच्या अभ्यासक्रमात काय असावे याचा इतका खल झाला, पण पुरुषांच्या विद्यापीठात आरोग्यशास्त्र किंवा बालसंगोपन असावे, हे त्या वादात कोणी ठामपणे पुढे आणल्याचे माझ्या वाचनात आले नाही. मूल दोघांचे, अभ्यास मात्र एकीने करायचा. कर्व्यांच्या स्वतःच्या घरातच या प्रश्नाची पुढची पायरी दिसते. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव, तेही गणिताचेच प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून त्यांना १९२५ साली कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी समाजस्वास्थ्य मासिक काढले आणि मरेपर्यंत चालविले. वडिलांनी आरोग्य हा विषय मुलींना सक्तीचा केला. मुलाने तोच विषय सगळ्या समाजापुढे, पुरुषांसकट, मांडला आणि त्याची किंमत मोजली. आणि सून इरावतीबाई! त्या शिकल्या फर्ग्युसनमध्ये, मुंबईस आणि बर्लिनला. सासऱ्यांच्या अभ्यासक्रमाची पदवी त्यांनी घेतली नाही. पण १९३१ ते १९३६ या काळात त्याच महिला विद्यापीठाच्या त्या रजिस्ट्रार होत्या. दोन्ही वाटा एकाच घरात नांदत होत्या. कर्व्यांचा आग्रह एकाच वाटेचा असता, तर हे झाले नसते.

पुढे १९३६ साली त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले, १९४४ साली समता संघ स्थापन केला. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा मान त्यांना मिळाला. मुंबई विद्यापीठानेही १९५७ साली त्यांना सन्मान्य पदवी दिली. ज्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला त्यांनी पर्याय उभा केला, त्याचीच ती पदवी! ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यास वयाच्या एकशे पाचव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

हे सारे वाचून मी माझे टिपण फाडले आणि नवे लिहिले. सभेच्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी विषयाला विरोध केला नाही. केवळ विद्यार्थिनींसाठी हे दोन शब्द काढावेत, एवढीच दुरुस्ती मी सुचविली. घरखर्चाचा हिशेब, आहार, आजाऱ्याची शुश्रूषा, लहान मुलाचे मन, हे जर शिकण्यासारखे असेल तर ते मुलांनाही शिकण्यासारखे आहे. आणि नसेल, तर ते मुलींनाही नको. सभेत थोडे हसू झाले. एका सरांनी विचारले की मुले या वर्गात येतील का? मी म्हणाले, कर्व्यांच्या पहिल्या वर्गात चार-पाचच होत्या. सर गप्प राहिले, पण रागावले नाहीत.

अभ्यासक्रम दुरुस्तीसाठी परत गेला आणि काही आठवड्यांनी मंजूर होऊन आला. ते दोन शब्द गळले होते. त्याचबरोबर बालमानसशास्त्राचा भागही गळला होता, कारण तो शिकवायला माणूस मिळत नव्हता. मला त्याचे वाईट वाटले. मराठीतून मानसशास्त्र कसे शिकवणार, असे विचारणाऱ्यांना न जुमानता कर्व्यांनी तो विषय सुरू केला होता, आणि शंभर वर्षांनंतर आम्ही माणूस नाही म्हणून तो सोडून दिला. पुढच्या वर्षी तो पुन्हा सभेपुढे यावा म्हणून मी अर्ज दिला आहे. तोवर मी इथून बाहेर पडलेली असेन. जो कोणी प्रतिनिधी होईल त्याने किंवा तिने तो अर्ज विसरू नये, एवढी या पानावरून विनंती.

वर्गात मुलगे आहेत. थोडे आहेत, पण आहेत. आईला हे सांगितले तेव्हा तिने आधी विचारले की या विषयात नापास करतात का. मी म्हणाले, करतात. मग ठीक आहे, असे म्हणून ती पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागली.